आधी तपासणी, मग सीतादही

मी तिसरी शिकलो. चौथीत बसलो होतो, पण गुरुजींनी माझा गुन्हा नसताना छडी मारली म्हणून उठून आलो, तो परत गेलो नाही. तरी आयुष्यात अंगठा कुठे लावला नाही. सही करतो. अक्षरं मोठी येतात, रेघेच्या बाहेर जातात, पण माझी असतात. हे लिहिणंही माझंच आहे. नातीनं फक्त काना-मात्रा नीट केल्या, आणि दोन ठिकाणी तिनं शिवी खोडली.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधल्या आमच्या गावात तिशीच्या वरची एकही बाई तपासणीवाचून राहिलेली नाही. नर्सबाईच्या रजिस्टरात आमच्या गावाचं पान वरपासून खालपर्यंत भरलेलं आहे आणि ते माझ्यामुळे भरलं. कोणी म्हणेल नर्सबाईमुळे. माझी बुढी, म्हणजे बायको, म्हणेल तिच्यामुळे. म्हणोत. पण पहिल्या वेळी तेच पान कोरं राहिलं तेही माझ्यामुळेच, आणि यावर मात्र गावात कोणाचं दुमत नाही. म्हणून तिथूनच सुरू करतो.

पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे दोन खोल्या आणि एक हातपंप, नवी नर्सबाई आली होती. पांढुर्ण्याचीच पोरगी. स्कूटीवर यायची, लसीचा निळा डबा पायाशी ठेवून. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलायची. एका सकाळी ती आमच्या अंगणात आली.

"बाबाजी, येत्या बुधवारी शिबिर आहे. सौंसरहून डॉक्टरीणबाई येऊन राहिल्या. बायांची तपासणी आहे. बीपी, शुगर, छाती आणि पिशवीचं तोंड. तिशीच्या वरच्या साऱ्या बाया पाहिजेत."

"बुधवारी नाही जमत," मी म्हणालो. "बुधवारी माझ्या वावरात सीतादही आहे."

कापसाची बोंडं फुटायला लागली की वेचणीच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. घरातली मोठी सवाष्ण वावरात जाते, पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाशी पाच दगड मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभात शिंपडते आणि पहिला कापूस आपल्या हातानं वेचते. मग बाकीच्या बाया ओळीला लागतात. आमच्या गावात पहिलं सीतादही माझ्या वावरात होतं. माझ्या बापाच्या वेळेपासूनचा तो मान आहे. त्या दिवशी गावातल्या साऱ्या बाया माझ्या बांधावर असतात.

"एक दिवस पुढे घ्या ना जी," नर्सबाई म्हणाली.

"कापूस फुटून राहिला, बाई. तो तुझं रजिस्टर पाहून फुटत नाही."

"कापूस एक दिवस थांबते. डॉक्टरीण नाही थांबत. आपल्या गावाचा नंबर मग दोन महिन्यांनी लागते."

"मग दोन महिन्यांनी घे. आमच्या बाया धडधाकट आहेत."

ती माझ्या बुढीकडे वळली. "आजी, तुम्ही तरी सांगा यांना."

बुढी तूर पाखडत होती. सूप तेवढं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

खरं सांगायचं तर सीतादही गुरुवारीही चाललं असतं. दिवस पंचांगानं दिला नव्हता, मीच ठरवला होता. पण तोंडातून निघालेला दिवस मी बदलत नाही, आणि कालच्या पोरीनं अंगणात येऊन सांगितलं म्हणून तर नाहीच.

बुधवार आला. डॉक्टरीणबाई दवाखान्यात सकाळपासून दुपारपर्यंत बसल्या. पूर्ण गावातून एक म्हातारी गेली, तीही गुडघ्याच्या गोळ्या मागायला. बाकी साऱ्या माझ्या वावरात. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

दुपार कलल्यावर नर्सबाई तुरीच्या ओळींमधून चालत वावरात आली. मला वाटलं भांडायला आली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती माझ्याकडे आलीच नाही. बायांमध्ये जाऊन बसली, म्हणाली, "आजी, प्रसाद द्या," आणि पळसाच्या पानावर दहीभात घेऊन खाल्ला. खाता खाता माझ्या बुढीकडेच पाहत होती.

आता आठवतं ते सांगतो. सीतादहीला बुढी दरवर्षी पिवळं लुगडं नेसते. त्या वर्षी गडद चॉकलेटी नेसली होती. मी विचारलं नाही. लुगड्याचा रंग काय विचारायचा. आणि दर दोन झाडांनंतर ती कमरेला हात लावून उभी राहत होती. तेही मी पाहिलं, पण मला वाटलं वय झालं.

नर्सबाई तिला तुरीच्या आड घेऊन गेली. बराच वेळ दोघी तिकडे होत्या. मग दोघी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी नाही सांगत," नर्सबाई म्हणाली. "आजी स्वतः सांगते म्हणतात."

बुढीनं पदर सारखा केला. "चार महिने झाले. अंगावरून जाऊन राहिलं."

"काय?"

"रक्त."

"तुझं तर बंद होऊन कितीक वर्षं झाली."

"म्हणूनच तर."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

माझी बुढी मोठ्यानं बोलत नाही. तेव्हाही बोलली नाही. "बगीच्यात झाडाच्या बुडाशी बोटभर ओलं दिसलं का तुम्ही तिथं उकिडवे बसता. साल खरवडता, मलम लावता, दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा पाहाले जाता. मी चार महिने तुमच्या डोळ्यांसमोर हिंडून राहिली, पहाटे उठून लुगडे धुऊन राहिली. पाह्यलं तुम्ही?"

संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागतो. बुडाशी साल फुटून डिंक गळतो. लवकर दिसला तर झाड वाचतं, उशिरा दिसला तर सरपणाला जातं. पंचक्रोशीत डिंक्या ओळखावा तर मी, असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. दुसऱ्याच्या बगीच्यातून सायकलवर जाताना मला दिसतो.

मागे बाया कापूस वेचल्यासारखं करत होत्या. एकीचा हात बोंडावर कधीचा तसाच होता. साऱ्यांसमोर बुढी बोलली आणि मी ऐकून घेतलं. आमच्या घरात असं कधी घडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं मी तिला घेऊन सौंसरला गेलो. समोर त्याच डॉक्टरीणबाई. चिठ्ठीवर गावाचं नाव पाहून त्यांनी मान वर केली.

"तुम्हीच का ते दहीभातवाले?"

"हो जी."

"मी काल किती वेळ बसून होते, ठाऊक आहे?"

"हो जी."

"आणि डबाही आणला नव्हता. म्हटलं, दुपारपर्यंत आटोपेल."

"पुढच्या वर्षी डबा मी पाठवतो," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत, पण बुढीला आत नेताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो मी पाहिला. आता मी पाहायला लागलो होतो.

बाहेर येऊन म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडावर डाग आहे. तुकडा काढला, तो नागपूरला तपासायला पाठवते. काय आहे ते तोच सांगेल. मी आज काही बोलत नाही. तीन आठवडे धीर धरा."

परतीच्या बसमध्ये बुढी खिडकीशी बसली होती. डोळे मिटून पुटपुटत होती.

"काय करून राहिली?"

"जामसांवलीच्या मारुतीले नवस बोलली."

"काय बोलली?"

"सांगत नसतात."

मी पुढे विचारलं नाही. काय बोलली असेल ते कोणालाही कळलं असतं, असं मला वाटलं.

तीन आठवडे. पेरणी केल्यावर मी पावसाची वाट पाहिली आहे, पण तेव्हा आभाळाकडे पाहता येतं. इथे कुठे पाहायचं. मी नर्सबाईकडे गेलो.

"दुसरं शिबिर लाव."

"माझ्या हातात नाही ना जी. दोन महिने नंबर नाही."

"कोणाच्या हातात आहे?"

"पांढुर्ण्याले मोठे साहेब बसतात."

पूर्वी मोठा साहेब म्हणजे छिंदवाडा, जाऊन-येऊन दिवस जायचा. आता जिल्हा आपला. मी शिदोरी बांधून पांढुर्ण्याला गेलो आणि साहेबांच्या दारासमोर बाकावर बसलो. पहिल्या दिवशी शिपाई म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मीटिंगमध्ये आहेत. तिसऱ्या दिवशी मी शिपायालाच भाकर दिली. चौथ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं.

"बाबा, लोग तो कैंप टालने आते हैं. आप लगवाने आए हो?"

मी म्हणालो, "साहेब, टाळलाही मीच होता."

तारीख मिळाली. पुढचा शुक्रवार. मी ती नर्सबाईला नेऊन दिली तेव्हा मला वाटलं काम झालं. ती खूश झाली, पण रजिस्टर काही उघडलं नाही.

"तारीख आली बाबाजी. बाया येतील का?"

"काहून नाही येणार? आता सीतादही नाही का काही नाही."

"दवाखान्याच्या दारासमोर काय आहे?"

"मारुतीचा ओटा."

"ओट्यावर कोण बसते?"

ओट्यावर गावातली बाप्यामाणसं बसतात. खांबाला टेकून बसायची जागा माझी आहे, चाळीस वर्षांपासून. दवाखान्यात कोणाची सून गेली, किती वेळ लागला, हातात गोळ्या घेऊन निघाली का तशीच, हे आम्हाला सारं ठाऊक असतं. कोणी वाईट हेतूनं नाही पाहत. बसल्या जागेवरून दिसतं.

"बाया दार पाहून परत जातात," ती म्हणाली. "मी रोज पाहून राहिली."

मी रात्री जेवताना बुढीला विचारलं, "तू म्हणून नाही गेली?"

"तुम्ही तिथंच तर बसून राह्यता," ती म्हणाली आणि मला आणखी भाजी वाढली.

तेव्हा मी जे केलं ते माझ्या आधी आमच्या गावात कोणी केलेलं नाही. शुक्रवारी मी माझ्या बगीच्यात पानगे लावले. पानगे म्हणजे कणकेचे जाड रोट, पळसाच्या पानात दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे पानगे बाया करत नाहीत, माणसंच करतात, आणि पानग्यांचं बोलावणं कोणी माणूस मोडत नाही. घरोघरी जाऊन मी सांगितलं: शुक्रवारी गावातले सारे बाप्ये सकाळी सातला बगीच्यात. आणि साऱ्या बाया दवाखान्यात, तिथून जेवायला बगीच्यात. जो माणूस मधेच गावाकडे वळेल, त्याची बैलजोडी पुढच्या पोळ्याला रांगेत साऱ्यांच्या मागे उभी राहील.

माझा चुलतभाऊ माझ्याच वयाचा आहे आणि लहानपणापासून माझ्या मागे लागलेला आहे. ओट्यावर साऱ्यांसमोर म्हणाला, "बुढ्याले म्हातारपणी बायांचा कळवळा सुटला."

"हाव," मी म्हणालो. "तुले कधी सुटते?"

"पानग्यात तूप राहील का?"

"राहील."

"मग शुक्रवारी सुटते."

शुक्रवारी ओटा रिकामा होता. मारुती एकटा. दवाखान्याच्या दारात बुढी खुर्ची टाकून बसली होती, कारण ती आधी जाऊन आलेली, तिला सारं ठाऊक. मी तिथे नव्हतो, पण नर्सबाईनं मला नंतर सांगितलं आणि ती खोटं सांगत नाही. पहिल्या पाच-सहा जणी दारापर्यंत येऊन थबकल्या. एकीनं विचारलं, "दुखते का वं काकू?"

"नाही दुखत. लाज वाटते थोडी."

"किती वेळ लागते?"

"दोन मिनिटं. आमच्या बुढ्याचं बोलणं मी चाळीस वर्षं ऐकलं, तू दोन मिनिटाचं काय घेऊन बसली?"

हसत हसत सगळ्या आत गेल्या. नंतर मग कोणाला सांगावं लागलं नाही. सासवांनी सुनांना आणलं, एक सून तर सासूला हाताला धरून घेऊन आली.

बगीच्यात आम्ही धुरानं डोळे चोळत पानगे उलटत होतो. संत्र्यांवर रंग चढला होता. बाया चार-चार, पाच-पाचच्या घोळक्यांनी येत गेल्या, आणि आमच्या गावात पहिल्यांदाच बाया बसल्या आणि बाप्यांनी वाढलं. चुलतभावानं आपल्याच बायकोच्या पानात तूप वाढलं तेव्हा ती म्हणाली, "हात थरथरून राहिला का तुमचा?" आणि साऱ्या झाडाखालच्या बाया हसल्या. तो माझ्याकडे रागानं पाहत होता. मी दुसरा पानगा उलटला.

दिवस मावळताना नर्सबाई आणि डॉक्टरीणबाई दोघी बगीच्यात आल्या. नर्सबाईनं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. पान भरलं होतं. मला साऱ्यांची नावं वाचता आली नाहीत, पण रिकामी रेघ ओळखता येते. शेवटी एक होती.

"ही कोण राहिली?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आजींनी धरून आणली. म्हणाल्या, आधी हिची करा, ही दुसऱ्याच्या मागे फिरते, हिच्या मागे कोण आहे. ती रेघ नर्सबाईची. तपासणी झाली, नाव लिहायला लाजून राहिली."

तिनं तिथेच पेन घेतला आणि नाव लिहिलं. मग दोघींना मी स्वतः वाढलं. डॉक्टरीणबाईंनी तीन पानगे खाल्ले. शहरातल्या बाईनं तीन पानगे खाल्लेले मी पाहिले नव्हते.

त्या शिबिरात दोन बायांचा बीपी इतका वाढलेला सापडला, की डॉक्टरीणबाईंनी गोळी दिल्याशिवाय त्यांना उठू दिलं नाही. एकीच्या छातीतली गाठ नागपूरला दाखवली, ती साधी निघाली. हे सारं चांगलं होतं. पण माझा जीव नागपूरला गेलेल्या त्या तुकड्यात होता.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी बगीच्यात एका झाडाच्या बुडाशी बसलो होतो. स्कूटीचा आवाज आला. तो लसीचा दिवस नव्हता. मी उठलो नाही. खुरप्यानं साल खरवडत राहिलो. नर्सबाई धावत आली, चप्पल चिखलात रुतली ती तिथेच सोडून आली.

"बाबाजी, कॅन्सर नाही."

मी खुरपं खाली ठेवलं.

"झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याच्या आधीचं आहे. आत्ता काढलं का निघून जाते. छोटं ऑपरेशन आहे, नागपूरले. आजी कुठं आहेत?"

"घरी. तूच सांग तिले."

"तुम्ही चला ना."

"तू पुढे हो. मी येतो," मी म्हणालो. ती गेल्यावर मी त्या झाडाला टेकून किती वेळ बसलो ते मी लिहिणार नाही.

ऑपरेशन झालं. कागदावर सही मी केली, दोन ओळी व्यापून. तिसऱ्या दिवशी बुढी घरी येऊन मला म्हणाली, चहात साखर कमी पडली, तेव्हा मी ओळखलं की सारं ठीक आहे. पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या.

वर्ष फिरलं. बोंडं फुटायला लागली. नर्सबाई पुन्हा अंगणात आली, त्याच जागी उभी राहिली.

"बाबाजी, यंदा सीतादही कधी?"

"मी बुधवार ठरवला आहे."

तिचा चेहरा उतरला. "शिबिराची तारीख बुधवारचीच आली."

मी बुढीकडे पाहिलं. ती तूर पाखडत होती आणि सूप थांबलं होतं. या वेळी मी ते सोडून दिलं नाही.

"मग सीतादही गुरुवारी," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी गेरू घेतला आणि दवाखान्याच्या भिंतीवर, ओट्यावरून साऱ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं: आधी तपासणी, मग सीतादही. खाली सही केली. चुलतभाऊ म्हणाला, "सीता"तला ता रेघेच्या खाली गेला. मी म्हणालो, तू लिहून दाखव. तो दुसरीतून उठलेला. आता शेजारच्या दोन गावांतही वेचणीच्या आदल्या दिवशी शिबिर लागतं, आणि माझी भिंत पाहायला तिथली माणसं येऊन गेली.

बुधवारी डॉक्टरीणबाईंना मी डबा पाठवला, दहीभात आणि लोणचं. गुरुवारी बुढी वावरात आली ती पिवळं लुगडं नेसून. पाच दगड मांडले, दहीभात शिंपडला, पहिला कापूस वेचून ओटीत टाकला आणि सरळ उभी राहिली. कमरेला हात लावला नाही. मी पाहत होतो.

घरी जाताना म्हणाली, "शनिवारी जामसांवलीले जाऊ. नवस फेडायचा आहे."

"तो तर मागच्याच वर्षी फेडायचा होता. रिपोर्ट आला तेव्हाच."

"तो नवस माझ्या दुखण्याचा नव्हता."

"मग कायचा होता?"

"तुम्ही एकदा तरी बोललेला दिवस बदलावा, याचा," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

शनिवारी गेलो. नारळ मी फोडला. एका घावात फुटला.